फ्लोरिडाच्या हिवाळ्यात मॅनाटी कसे बघावेत आणि कसे बघू नयेत

ओर्लँडोला डिस्ने बघायला किंवा टॅम्पात लेकीकडे हिवाळा काढायला आलेल्या कुणालाही एक सकाळ मोकळी ठेवली तर मोकळ्या पाण्यातले मॅनाटी, म्हणजे समुद्रगायी, बघता येतात. त्यासाठी पोहता यायला हवं असं नाही, मोठा खर्चही नाही. नेमकी निवडावी लागते ती तारीख. ती चुकली तर दीड तास गाडी हाकून स्वच्छ, सुंदर आणि रिकामं पाणी बघून परत यावं लागतं. तारीख जमली, समोर शंभर-दोनशे धुडं पहुडलेली दिसली, की मग दुसरा प्रश्न येतो, आपण किती जवळ जायचं याचा. बहुतेक नवखे चुकतात ते इथे.

आधी हे समजून घ्या: ते तिथे का येतात

मॅनाटी ही समुद्रगाय. पूर्ण वाढलेला प्राणी साधारण तीन मीटर लांब आणि साडेचारशे-पाचशे किलोचा. काही माद्या याच्या दुप्पट-तिप्पटही भरतात. देवमाशाशी किंवा सीलशी याचं नातं नाही, जवळचा नातलग हत्ती. आपल्याकडे याच गटातला डुगॉंग मन्नारच्या आखातात, पाल्कच्या उपसागरात, कच्छच्या आखातात आणि अंदमानात तग धरून आहे. तमिळनाडूने 2022 मध्ये पाल्कच्या उपसागरात त्याच्यासाठी राखीव क्षेत्र जाहीर केलं. डुगॉंग सहसा दिसत नाही. फ्लोरिडाचा मॅनाटी मात्र हिवाळ्यात स्वतःहून ठरावीक जागी गोळा होतो.

अंगाने एवढा असून त्याच्या कातडीखाली चरबीचा जाड थर नसतो आणि आकाराच्या मानाने त्याचं शरीर फार कमी उष्णता तयार करतं. पाणी बराच काळ 20 अंश सेल्सियसच्या खाली राहिलं की त्याची पचनसंस्था मंदावते, खाणं सुटतं, कातडीवर पांढुरके चट्टे उठतात, जंतुसंसर्ग होतो आणि शेवटी तो मरतो. नुकतीच आईपासून सुटलेली पिल्लं यात सर्वांत आधी जातात. म्हणून नोव्हेंबरपासून हे प्राणी उबदार पाण्याकडे येतात. एक तर जमिनीखालच्या चुनखडीतून येणारे झरे, ज्यांचं पाणी बारा महिने 22 अंशांच्या आसपास असतं. नाहीतर वीजप्रकल्पांतून बाहेर पडणारं थंडाव्यासाठी वापरलेलं गरम पाणी. फ्लोरिडातले निम्म्याहून जास्त मॅनाटी आज या वीजप्रकल्पांच्या पाण्यावर हिवाळा काढतात. ही काही आनंदाची गोष्ट नाही, कारण उबेची जागा पिल्लू आईकडून शिकतं आणि आयुष्यभर तिथेच परततं. उद्या प्रकल्प बंद पडला तरी प्राणी सवयीने तिथेच येणार.

खाली जेवढे नियम येतात, त्या सगळ्यांमागे एकच हिशेब आहे. तुमच्यामुळे मॅनाटी ऊब सोडून थंड पाण्यात गेला, तर त्याचं नुकसान झालं. मग तुम्ही त्याला हात लावला होता की नाही याला फारसा अर्थ उरत नाही.

दिवस निवडणं

अधिकृत हंगाम 15 नोव्हेंबर ते 31 मार्च. पण हंगाम सुरू आहे म्हणून प्राणी असतीलच असं नाही. डिसेंबरात आठवडाभर ऊन पडलं, नदीचं पाणी 22-23 अंशांवर गेलं, की मंडळी चरायला पांगतात. सर्वांत भरवशाचा काळ जानेवारीचा मध्य ते फेब्रुवारीची सुरुवात. त्यातही उत्तरेकडून थंडीची लाट आल्यानंतरचा दुसरा-तिसरा दिवस धरावा. पहिल्या दिवशी हवा गारठते, पण नदी गारठायला वेळ लागतो. आणि मॅनाटी नदीचं ऐकतात, हवेचं नाही.

घरबसल्या करायचं ते असं. निघण्याआधी तीन-चार दिवस ओर्लँडोजवळच्या ब्लू स्प्रिंग या झऱ्याचे थेट कॅमेरे बघा. सेव्ह द मॅनाटी क्लब ते हंगामात चालवतो. हा झरा जिला मिळतो त्या सेंट जॉन्स नदीच्या पाण्याचं तापमान रोज बघा. ते 20 च्या खाली गेलं असेल आणि रात्री हवा दहा अंशांखाली उतरत असेल, तर बॅग भरा. ते 22 च्या वर असेल तर त्या दिवशी मुलांना डिस्नेलाच न्या.

वेळ सकाळची. दुपारी ऊन तापलं की बरेच प्राणी खाण्यासाठी झऱ्याबाहेर जातात, कारण झऱ्यात ऊब असते पण चारा फारसा नसतो. मात्र अगदी पहाटे पोचण्याचा अट्टहासही नको. कडाक्याच्या थंडीत झऱ्याच्या पाण्यावर वाफेचा थर तरंगतो आणि त्याखालचं काही दिसत नाही. वाफ विरल्यानंतर, ऊन डोक्यावर यायच्या आधीचे दोन तास सगळ्यांत चांगले.

कुठे जायचं

पहिल्यांदा जाणाऱ्यासाठी आमचं उत्तर एकच: ऑरेंज सिटीजवळचं ब्लू स्प्रिंग स्टेट पार्क. ओर्लँडोपासून सव्वा तासाच्या आत. झऱ्याच्या काठाने लाकडी बोर्डवॉक आहे, चाकाची खुर्ची आणि बाबागाडी जाते, जागोजागी बघायचे कठडे आहेत. हंगामात या पाण्यात पोहणं, डुबकी, कयाक, बोट सगळं बंद असतं आणि नेमकं त्यामुळेच तिथे मॅनाटी निवांत दिसतात. 1970 च्या सुमारास इथे अभ्यास सुरू झाला तेव्हा हिवाळ्यात जेमतेम 36 मॅनाटी येत. जानेवारी 2024 मध्ये एकाच सकाळी 932 मोजले गेले. माणसाला पाण्याबाहेर ठेवल्याने काय होतं याचा यापेक्षा चांगला पुरावा शोधूनही सापडणार नाही. अडचण एकच, गाड्यांची जागा मर्यादित. ती भरली की फाटक बंद होतं आणि आतल्या गाड्या बाहेर पडेपर्यंत रस्त्यावर ताटकळावं लागतं. पार्क आठला उघडतं. शनिवार-रविवार आणि सुट्टीच्या दिवसांत आठच्या आधी रांगेत असा, नाहीतर सरळ मंगळवार-बुधवार निवडा.

क्रिस्टल रिव्हर हे पश्चिम किनाऱ्यावरचं गाव, टॅम्पाहून सुमारे दीड तास. इथल्या किंग्ज बेमध्ये सत्तरच्या आसपास झरे आहेत. खास मॅनाटीसाठी म्हणून 1983 मध्ये इथे राष्ट्रीय वन्यजीव अभयारण्य झालं. थ्री सिस्टर्स स्प्रिंग्जची जमीन 2010 मध्ये लोकवर्गणी आणि सरकारी पैशातून वाचवली गेली. तिच्या काठाने बोर्डवॉक आहे. गाडी आत नेता येईल असं गृहीत धरू नका, आधी चौकशी करा. भरतीच्या वेळी मॅनाटी अरुंद खाडीतून आत येतात, तेव्हा भरतीचं वेळापत्रक बघून जा. पर्यटकांना मॅनाटींसोबत पाण्यात उतरवण्याचा कायदेशीर व्यवसाय चालतो तो याच परिसरात, त्याबद्दल पुढे.

टॅम्पाच्या दक्षिणेला अपोलो बीचला टॅम्पा इलेक्ट्रिकच्या बिग बेंड वीजप्रकल्पाशेजारी मॅनाटी व्ह्यूइंग सेंटर आहे. 1986 पासून चालू, प्रवेश फुकट, 1 नोव्हेंबर ते 15 एप्रिल. पाणी झऱ्यासारखं नितळ नाही, मागे चिमण्या दिसतात, फोटो तसे येतात. आजी-आजोबा आणि लहान मुलं सोबत असतील तर मात्र याइतकी सोयीची जागा नाही. पूर्व किनाऱ्यावर रिव्हिएरा बीचला मॅनाटी लगून आणि नैर्ऋत्य फ्लोरिडात फोर्ट मायर्सला मॅनाटी पार्क, दोन्ही अशाच गरम पाण्याच्या जागा. होमोसासा स्प्रिंग्जला पाण्याखालची काचेची खोली आहे. तिथले प्राणी उपचाराखालचे असतात, पण नाकपुड्या, ओठ, वल्ह्यासारखे पर इतक्या जवळून दुसरीकडे दिसत नाहीत.

काठावरून बघताना

ध्रुवीकृत काचांचा गॉगल घ्या. हे एकच सामान सक्तीचं म्हणावं असं आहे. साध्या गॉगलने उजेड कमी होतो, पण पाण्यावरची चकाकी जात नाही. ध्रुवीकृत काचेने ती जाते आणि तळातले करडे ओंडके अचानक मॅनाटी होतात. सूर्य पाठीशी येईल अशा कठड्यावर उभे राहा. दुर्बीण आठ पट पुरे.

नजर आधी प्राण्यावर नको, पृष्ठभागावर ठेवा. मॅनाटी शेपटीचा फटकारा मारतो तेव्हा वर ताटाएवढे गुळगुळीत गोल उमटतात, एकापुढे एक. त्या गोलांच्या पुढच्या टोकाला प्राणी असतो. चरत-पोहत असताना तो तीन ते पाच मिनिटांनी श्वासाला येतो, झोपेत वीस मिनिटांपर्यंत खाली राहू शकतो. वर येतं ते फक्त नाकाड: दोन अर्धचंद्राकृती झडपा उघडतात, फुस्स असा आवाज होतो, झडपा घट्ट मिटतात आणि नाकाड खाली जातं. तळातून चिखलाचा लोट उठला असेल किंवा घोड्याच्या लिदीसारखं काही तरंगत असेल तर समजा, मंडळी जवळच आहेत.

पिल्लू शोधायचं तर मोठ्या मादीच्या वल्ह्यासारख्या परामागे बघा. तिथेच तिची सडं असतात, त्यामुळे पिल्लू काखेत तोंड खुपसून असतं. गडद रंगाचं, आईच्या तिसऱ्या हिश्शाएवढं. पाठीवर समांतर, सारख्या अंतराने पडलेले पांढरे वळ दिसतील. त्या बोटीच्या पंख्याच्या खुणा आहेत. संशोधक याच खुणांवरून एकेक प्राणी ओळखतात आणि वर्षानुवर्षं त्याची नोंद ठेवतात. एकही व्रण नसलेला प्रौढ मॅनाटी दिसणं तसं विरळाच.

आवाज करून, कठड्यावर ठोकून प्राणी वळत नाही. त्याच्या मानेत आपल्यापेक्षा एक मणका कमी, सहाच असतात. मान वळवता येत नाही म्हणून तो बघायला पूर्ण अंग वळवतो. थांबा, वळेल. ड्रोन राज्य उद्यानांत आणि अभयारण्यांत चालत नाही.

कयाकमधून

क्रिस्टल रिव्हरला हंटर स्प्रिंग्ज पार्कमधून कयाक सोडता येते. पाण्यात बोयांनी आणि दोरांनी आखलेले भाग दिसतील. 15 नोव्हेंबर ते 31 मार्च तिथे माणसाने, बोटीने, वल्ह्याने, कशानेही शिरायचं नाही. दोरावरून हात आत घालून फोटो काढणंही त्यातच आलं. कडाक्याच्या थंडीत आणखी भाग तात्पुरते बंद होतात आणि झऱ्यांच्या आतल्या भागासाठीचे नियम हंगामागणिक बदलतात, म्हणून त्याच सकाळी काठावरची सूचना वाचा, गेल्या वर्षी कुणी काय केलं ते विचारात घेऊ नका.

चार-पाच कयाक असतील तर एकामागे एक चालवा. आडव्या फळीत गेलात की अरुंद पाण्यात प्राण्याला निघायला वाट राहत नाही. खाली प्राणी दिसला तर वल्हं पाण्याबाहेर घेऊन थांबा, तो जाईपर्यंत. झोपलेल्याच्या बरोबर वर जाऊन थांबण्याचा मोह आवरा: श्वासाला वर येताना त्याची कयाकला धडक बसते, तो दचकतो आणि पाचशे किलोंच्या प्राण्याच्या शेपटीच्या एका झटक्यात कयाक उलटते. दरवर्षी काही फोन असेच तळाशी जातात.

पाण्यात उतरायचंच असेल तर

पहिल्या भेटीत उतरू नका, असं आमचं मत आहे. काठावरून दोन तास बघितलेल्या माणसाला पाण्यात काय करू नये हे सांगावं लागत नाही. तरी जायचंच असेल तर सहल ठरवण्याआधी चार गोष्टी विचारा. अभयारण्याचा व्यावसायिक परवाना आहे का. पाण्यात सोबत वाटाड्या उतरतो का, की तो बोटीवरच बसून राहतो. एका वाटाड्यामागे किती जण. आणि उतरण्याआधी मॅनाटीशी कसं वागायचं याची चित्रफीत दाखवतात का. ती दाखवणं परवानाधारकांना बंधनकारक आहे. सहा जणांचा गट ठीक. ‘हात लावायला मिळेल’ असं जो सांगतो त्याच्याकडे जाऊ नका.

22 अंशांचं पाणी ऐकायला ठीक वाटतं, पण मुंबई-पुण्याच्या माणसाला अर्ध्या तासात हुडहुडी भरते. पूर्ण अंगाचा, किमान तीन मिलिमीटरचा वेटसूट घाला, लहान मुलांना पाचचा. तो उबेबरोबर तरंगायलाही मदत करतो. काखेखाली फोमची लांब नळी घेतात, ती घ्याच. तिच्यामुळे शरीर आडवं राहतं. नवखा माणूस घाबरला की पाय खाली सोडतो, तळाचा गाळ ढवळतो, पाणी दुधाळ होतं आणि मग कुणालाच काही दिसत नाही. शिवाय कुठल्या तरी झोपलेल्या मॅनाटीच्या पाठीवर पाय पडतो तो वेगळाच. पायांना फ्लिपर नकोत. मुखवटा काठावरच नाकाने श्वास ओढून तपासा; मिशीवाल्यांच्या मुखवट्यात पाणी शिरतंच, नाकाखाली थोडं पेट्रोलियम जेली लावून बघा.

पाण्यात गेल्यावर काही करायचं नाही, फक्त तरंगायचं. चेहरा पाण्यात, हात अंगाशी. मॅनाटीच्या चेहऱ्यावर आणि अंगभर विरळ स्पर्शकेस असतात, पाण्याची बारीक हालचाल त्याला त्यांतून कळते. म्हणजे तुम्ही दहा फुटांवर पाय झाडलेत तरी त्याला ते जाणवतं. किंग्ज बेसाठी 2012 मध्ये ठरलेल्या नियमांत पाठलाग करणं, झोपलेल्या वा चरणाऱ्या प्राण्याला छेडणं किंवा स्पर्श करणं, वरून त्याच्यावर सूर मारणं, घेरणं, धरणं, पाठीवर बसणं, पिल्लाला आईपासून किंवा एकाला कळपापासून वेगळं पाडणं, खायला-प्यायला देणं, हे सगळं बेकायदा आहे. घेरणं म्हटलं की लोकांना वाटतं, आपण थोडेच घेरतो. पण आठ जण एकाच पिल्लाचा फोटो घ्यायला आठ बाजूंनी आले की झालं घेरून.

काही मॅनाटी, विशेषतः लहान, कुतूहलाने स्वतःहून येतात, मुखवट्याला नाक लावतात, नळी चावून बघतात. येऊ द्या. स्थिर राहा, हात पुढे करू नका, तो वळला की मागे जाऊ नका. शेपटीच्या मुळाशी पट्टा आणि त्याला तरंगणारी नळी दिसली तर तो मागकर्ता, म्हणजे उपग्रहाद्वारे प्राण्याचा माग काढणारं यंत्र आहे. प्राणी अडकलाय असं समजून तो ओढणारे सद्भावी लोक दर हंगामात निघतात.

केंद्रीय कायद्यांखाली, म्हणजे 1972 चा सागरी सस्तन प्राण्यांचा आणि 1973 चा संकटग्रस्त प्रजातींचा, छळाला 50,000 डॉलरपर्यंत दंड आणि एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. राज्याच्या 1978 च्या कायद्याखाली 500 डॉलर आणि 60 दिवसांपर्यंत. व्हिसावर आलेल्या पाहुण्याने हे आकडे जास्तच लक्षात ठेवावेत.

लेट्यूस आणि नळाचं पाणी

धक्क्यावरून पाण्याचा पाइप सोडला की मॅनाटी येऊन गोडं पाणी पितो. फार गोजिरं दिसतं आणि बेकायदा आहे. एकदा धक्क्यावर पाणी मिळतं हे कळलं की तो प्रत्येक धक्क्याशी, म्हणजे प्रत्येक बोटीच्या पंख्याशी जाऊ लागतो. शिवाय थंडी पडली तरी पाण्यासाठी तिथेच रेंगाळतो.

‘पण सरकारनेच लेट्यूस घातलं होतं ना?’ हो. पूर्व किनाऱ्यावरच्या इंडियन रिव्हर लगूनमध्ये खतं आणि सांडपाण्यामुळे शेवाळ माजलं, उजेड अडला, समुद्री गवत मेलं आणि 2021 या एका वर्षात फ्लोरिडात 1,100 मॅनाटी मेले, त्यांतले बरेच उपासमारीने. तेव्हा 2022 आणि 2023 च्या हिवाळ्यांत एका वीजप्रकल्पाशेजारी अधिकाऱ्यांनी मोजून चारा सोडला. तो आपत्कालीन उपाय होता. तुमच्या पिशवीतल्या पालकाला ती मुभा नाही.

तिथे राहणाऱ्यांसाठी

बोट असेल तर फलक वाचा. ‘आयडल’ म्हणजे सुकाणू चालेल एवढाच वेग, ‘स्लो स्पीड’ म्हणजे बोटीचं नाक खाली बसलेलं आणि मागे लाट जवळपास नाही. उथळ गवताळ भाग टाळून खोल पाण्याच्या खुणांमधून जा आणि एक जण ध्रुवीकृत गॉगल लावून पुढे बघत बसू द्या. मासेमारीची तुटलेली तंगूस पाण्यात टाकू नका, धक्क्यांवर तिच्यासाठी वेगळ्या उभ्या नळ्या असतात. ती पराला गुंडाळून मांसात रुतते आणि कधीकधी पर कापावा लागतो. अंगणातल्या हिरवळीला पावसाळ्यात खत घालू नका. ते थेट चुनखडीतून झऱ्यात उतरतं. गाडीला मॅनाटीची नंबरपाटी घेतलीत तर ते पैसे संशोधनाकडे जातात.

जखमी किंवा एकटा दिसला तर

गुलाबी-लाल जखम म्हणजे ताजी. करडी-पांढरी म्हणजे भरलेली. एका कुशीवर कललेला, खाली जाऊ न शकणारा प्राणी गंभीर समजा, बोटीच्या धडकेत फुप्फुस फाटलं की हवा छातीत साठते आणि तो असा तरंगतो. आसपास मोठं कुणी नसलेलं पिल्लू बराच वेळ दिसलं, पराला दोर दिसला, कातडीवर चट्टे आणि मानेमागे खड्डा पडलेला दिसला, तरी कळवा. उथळ पाण्यात दहा-बारा जण एकमेकांवर लोळत, पाणी उडवत असतील तर मात्र घाबरू नका. बहुधा मध्ये एक मादी असते आणि बाकीचे तिच्यामागे लागलेले नर. त्यांच्यापासून लांब राहा.

फोन फ्लोरिडाच्या वन्यजीव आयोगाला: 888-404-3922. बोटीवर असाल तर व्हीएचएफ वाहिनी 16. ते विचारतील तेच आधी तयार ठेवा:

1. नेमकं ठिकाण. फोनच्या नकाशावरचे अक्षांश-रेखांश आणि जवळचा बोट उतरवण्याचा धक्का.
2. जिवंत की मेलेला, अंदाजे लांबी.
3. काय दिसतंय: जखमेचा रंग, कलणं, श्वास किती वेळाने.
4. पट्टा किंवा मागकर्ता आहे का.
5. किती वेळापासून तुम्ही बघताय आणि मदत येईपर्यंत थांबू शकाल का.

थांबू शकत असाल तर थांबा, कारण पथक येईपर्यंत प्राणी सरकतो आणि गढूळ पाण्यात पुन्हा सापडत नाही. दोर स्वतः कापू नका. वरचा टोक कापला की आत रुतलेला भाग दिसेनासा होतो आणि पथकाला धरायला काही उरत नाही. काठाला लागलेल्याला ढकलून परत पाण्यात घालू नका, तो आजारी म्हणूनच काठाला आलेला असू शकतो. मेलेला दिसला तरी फोन कराच. आयोगाचे लोक शक्य तेवढ्या मृतदेहांची तपासणी करतात, आणि मरणाचं कारण थंडी होतं, बोट होती की भूक, हे तिथेच कळतं.